सिंधूवहिनींचा टीव्ही

"काठ दिसत नाही हो," शालन म्हणाली. "हिरवी नेसलीय एवढं कळतंय. आपण पाठवलेली आहे का तिच्या सासूनं घेतलेली, तेच कळेना."

तिनं फोन नाकाजवळ नेला, मग हात लांब करून धरला. दोन बोटांनी फोटो मोठा करायला गेली, तर पल्लवीच्या खांद्यावरची फुलं तेवढी राहिली आणि पल्लवी कुठंतरी गेली.

"दे इकडं."

"तुम्हाला तरी कुठं दिसतंय? आणि दिसलं तरी काठ कशाला म्हणतात ते कळायला पाहिजे."

पल्लवी आमची एकुलती एक. नाशिकला दिलेली. त्या दिवशी सकाळी तिकडं तिचं डोहाळजेवण झालं होतं, आणि आम्ही नवराबायको कराडला घरात बसून जावयांनी पाठवलेले फोटो बघत होतो. पहिलटकरणीच्या डोहाळजेवणाला तिची आई नाही, असं आमच्या भावकीत कधी झालं नव्हतं. आम्ही सगळ्यांना सांगितलं होतं की शालनच्या मणक्यात गॅप पडलीय, डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय.

शालनचा मणका चांगला होता. तिला छातीचा कॅन्सर होता. औषधांनी केस गेले, वजन गेलं, आणि शेवटी जखम बाहेर आली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता तिला दुखू द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात आहे. हे मला माहीत होतं आणि शालनला माहीत होतं. तिसऱ्या कुणाला नाही.

पल्लवीला याआधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा टिकले नव्हते. या खेपेला तिला झोपूनच राहायला सांगितलं होतं. बीपी वर जात होतं. तिच्या डॉक्टरीणबाईंनी घरातल्यांना बजावलं होतं, हिच्या कानावर वाईट काही घालू नका. शालननं ते ऐकलं आणि त्याच दिवशी मला म्हणाली, "पोर तिच्या हातात येऊ दे. मग सांगू. तोवर तुम्ही तोंड उघडलंत तर माझ्याशी गाठ आहे."

लपवणं फार अवघड गेलं नाही. शालनला लग्नापासून डोक्यावरून पदर घ्यायची सवय, त्यामुळं केस गेलेले कुणाला कळले नाहीत. व्हिडिओ कॉल आला की ती खिडकीकडं पाठ करून बसायची, म्हणजे चेहरा अंधारात राहायचा. पट्टी मीच बदलायचो. मी आयुष्यभर दूध संघाचा टँकर चालवला, माझे हात असल्या कामाचे नाहीत, पण शिकलो. रोज सकाळी पट्टी काढली की जखमेचा फोटो काढायचा आणि डॉक्टरांना पाठवायचा, म्हणजे तिला दवाखान्यात न्यावं लागायचं नाही. ते फोटो फोनमध्येच राहायचे.

भीती होती ती एकाच माणसाची. सिंधूवहिनींची.

सिंधूवहिनी म्हणजे आमच्या मजल्यावरच्या निकमांच्या मंडळी. भिंतीला भिंत. पल्लवी लहानाची मोठी झाली ती अर्धी आमच्या घरात आणि अर्धी त्यांच्या. दर एक-दोन दिवसांनी त्यांचा पल्लवीला फोन असायचा. आणि वहिनींच्या पोटात काही राहत नसे. पल्लवीचं लग्न ठरलं तेव्हा आम्ही पेढे आणायच्या आत त्यांनी खालच्या वाण्यापर्यंत बातमी पोचवली होती. शालनचं आणि त्यांचं रोज भांडण. कधी जिन्यातल्या चपलांवरून, कधी पाण्याच्या मोटरवरून. पण एकीकडं भाजी चांगली झाली की वाटी दुसरीकडं जायचीच.

"जग बोललं तरी चालेल," शालन म्हणायची, "पण त्या बयेला कळता कामा नये. तिला कळलं म्हणजे पल्लवीला कळलं."

तर तो काठ.

"टीव्हीवर लावू या का?" मी म्हणालो. "मोठं दिसेल."

"येतं तुम्हाला?"

"जावईबापूंनी दाखवलं होतं दिवाळीत. ते चौकोनासारखं चिन्ह दाबायचं, टीव्हीचं नाव येतं, त्याच्यावर बोट लावलं की झालं."

आमच्या फोनला निकमांचंच वायफाय होतं. निकमभाऊंनी स्वतः येऊन पासवर्ड घालून दिला होता, वेगळं कशाला घेताय म्हणून. टीव्हीसुद्धा दोन्ही घरांनी एकाच दुकानातून, एकाच कंपनीचे आणलेले. मी टीव्ही चालू केला, फोनवर ते चिन्ह दाबलं. नाव आलं. एकच नाव होतं, तेच आमच्या टीव्हीच्या खोक्यावरचं. त्याच्यावर बोट लावलं.

फोन म्हणाला, जोडलं. टीव्ही आपला कीर्तनच दाखवत राहिला.

"आलं का?" शालननं विचारलं.

"येईल. वेळ लागतो."

मी पल्लवीचा फोटो सरकवला. काही नाही. पुढचा सरकवला. एखादा फोटो मोठा असल्यामुळं अडकत असेल असं वाटून मी सरकवतच राहिलो. ओटी भरतानाचा, झोपाळ्यावरचा. ते संपले आणि सकाळचा पट्टीचा आला. त्याच्या मागचा कालचा. त्याच्या मागं शालनच्या तपासणीचा कागद. मी परत मागं गेलो, परत पुढं आलो.

भिंतीपलीकडं वहिनींची दुपारची मालिका लागली होती. तिचा आवाज आमच्याकडं रोज यायचा. तो एकदम थांबला.

"लाइट गेली वाटतं त्यांची," शालन म्हणाली.

आमची होती. मला त्याचं काही वाटलं नाही. मी टीव्ही बंद करून परत लावला, फोन बंद करून परत लावला. शालन हसायला लागली. हसलं की तिला दुखायचं, म्हणून ती छातीवर उशी धरून हसायची.

"राहू द्या हो. टँकर चालवायचं वेगळं आणि हे वेगळं."

थोड्या वेळानं दारावरची बेल वाजली. मी शालनकडं बघितलं. तिनं उशी मागं सरकवली, पदर नीट घेतला आणि मणक्याच्या पेशंटासारखी ताठ बसली. मी दार उघडलं.

सिंधूवहिनी होत्या. चेहरा धुऊन आल्यासारखा ओला.

"भाऊजी, आमचा टीव्ही बंद पडलाय," त्या म्हणाल्या. "मालिका अर्धी राहिली माझी. तुमच्याकडं बघू का?"

"या की."

त्या आत आल्या आणि शालनच्या शेजारी कॉटवर बसल्या. एरवी त्या खुर्चीवर बसायच्या. शालन म्हणाली, "काय गं, नवा टीव्ही आणि लगेच बंद पडला? नवऱ्यासारखाच निघाला की."

"तुझा नवरा काय करतोय फोन घेऊन? घाम फुटलाय त्यांना."

"पल्लवीचे फोटो आलेत. टीव्हीवर घालतायत मघापासून. म्हणजे प्रयत्न चाललाय."

"दाखवा बघू," असं म्हणून त्या हात पुढं करतील म्हणून मी फोन पटकन खिशात घातला. त्यात ते फोटो होते. पण वहिनींनी हात पुढं केलाच नाही. त्या म्हणाल्या, "मला नका दाखवू, मला त्यातलं कळत नाही. आमच्या ह्यांच्याकडं तो दोन तोंडांचा पेनड्राइव्ह आहे. एक तोंड फोनला लागतं, दुसरं टीव्हीला. भजनं भरलीत त्यात. तो आणते."

उठल्या आणि दारातून मागं वळल्या.

"आणि भाऊजी, ते आमचं वायफाय आधी काढून टाका फोनमधनं. आत्ताच्या आत्ता. आमचं नेट पुरेना झालंय."

त्या गेल्यावर शालन म्हणाली, "बघितलंत? मालिका आपल्या टीव्हीवर बघणार आणि वायफाय काढा म्हणणार. जन्माची चिकट आहे."

मलाही राग आला. मी वायफाय काढून टाकलं.

वहिनींनी पेनड्राइव्ह आणला. तो फोनला कसा लावायचा ते सांगितलं आणि म्हणाल्या, "नेमके तेवढेच फोटो निवडा हं. डोहाळजेवणाचे. बाकीचे घेऊ नका, जागा नाही त्यात." आणि खिडकीशी जाऊन खालच्या रस्त्याकडं बघत उभ्या राहिल्या. मी एकेका फोटोवर बोट ठेवून निवडत होतो. मला बराच वेळ लागला. त्या एकदाही वळल्या नाहीत.

मग पेनड्राइव्ह टीव्हीच्या मागं खोचला आणि पल्लवी आली. भिंतीएवढी. केसांत गजरे, हातात फुलांचा धनुष्यबाण, पोट पुढं, आणि पायांना सूज. शालन पुढं सरकून बसली आणि बघत राहिली.

"आपलीच आहे," मग ती म्हणाली. "कोयरीचा काठ. बघा. आपलीच नेसलीय."

"आणि ब्लाउज बघ कसा शिवलाय," वहिनी म्हणाल्या. "नाशिकला शिंपी नाहीत का?"

"फुगलीय ती. शिंपी काय करील?"

"मुलगी होणार तिला. चेहरा बघ कसा तुकतुकीत आहे."

"तुझं काय खरं! माझ्या वेळेला मुलगा म्हणाली होतीस."

"तू तेव्हा चिंच किती खायचीस, मला काय माहीत लबाडी चाललीय ते."

पुढच्या फोटोत पल्लवीची सासू ओटी भरत होती. शालननं तो फोटो तसाच ठेवायला सांगितला. पहिली ओटी आईनं भरायची असते. वहिनी माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "चहा टाका भाऊजी. दोघी बसलोय आम्ही, समजत नाही का?"

मी आत गेलो. बाहेर आलो तेव्हा मालिका लागली होती आणि दोघी तिच्यातल्या सासूला शिव्या देत होत्या.

त्या दिवसापासून सिंधूवहिनी रोज दुपारी यायला लागल्या. टीव्ही दुरुस्त झालेला नसायचा. यायच्या त्या जेवणाचं आवरून, जायच्या चहा घेऊन. मला ते नको होतं. शालनची दुपारची गोळी घ्यायची वेळ तीच. ती थकायची, तिला पडावंसं वाटत असणार, आणि ही बाई असल्यावर ताठ बसावं लागणार. शिवाय एखादे दिवशी पदर घसरला, वास आला, काही दिसलं, म्हणजे संपलं.

"मी तुमचा टीव्ही दुकानात नेऊन टाकतो," मी एकदा म्हणालो. "गाडी आहे माझ्या मेहुण्याची."

"नको. मेकॅनिक येऊन गेला. पार्ट यायचाय."

"कसला पार्ट?"

"आता मला काय माहीत कसला. पार्ट म्हणजे पार्ट."

जिन्यात निकमभाऊ भेटले. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, सरळ माणूस. मी म्हणालो, "पार्ट आला का हो?"

"कसला पार्ट?"

"टीव्हीचा."

"हां," ते म्हणाले. "हां, हां. यायचाय. मुंबईहून." आणि भराभरा खाली उतरून गेले.

मी शालनला म्हटलं, "तिला येऊ नको म्हणून सांगतो मी. काहीतरी कारण काढतो."

"नको," ती म्हणाली. "येऊ दे."

"तुला त्रास होतो."

"होऊ दे. तुम्ही माझ्याकडं बघता ना, तसं ती बघत नाही. परवा मला म्हणाली, मणका दुखतो तर दुखतो, चपला दारासमोर काढू नकोस म्हटलं ना. बरं वाटलं मला."

वहिनी आमच्यासमोरच पल्लवीला फोन लावायच्या. आवाज मोठा. "तुझी आई? अगं, तिला काय धाड भरलीय. पाठीला पट्टा लावून राणीसारखी बसलीय आणि तुझा बाप चहा करून घालतोय. ऐक तिचा आवाज." मग फोन शालनच्या तोंडाशी धरायच्या. शालनचा आवाज तेव्हा फार बारीक झाला होता. पलीकडून पल्लवी काही विचारायची तर वहिनी फोन काढून घ्यायच्या. "सर्दी झालीय तिला. आइस्क्रीम खाल्लं चोरून. ह्या वयात."

मी स्वयंपाकघरातून ऐकायचो. मला वाटायचं, किती भोळी बाई आहे. समोर बसून दिसत कसं नाही हिला? आणि हिच्या तोंडून आपण पोरीला खोटं सांगतोय. पण बरंही वाटायचं. पल्लवीचा आमच्यावर नाही तेवढा वहिनींवर विश्वास होता. वहिनी म्हणतायत म्हणजे आई बरी आहे.

शालन मग कॉटवरून उठेनाशी झाली. मणका बिघडलाय, असं मी वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मणका असाच असतो. माझ्या नणंदेचं असंच झालं होतं," आणि दुसऱ्या दिवसापासून येताना पातळ खिमटी आणायला लागल्या. मणक्याला खिमटी कशाला, हे मी विचारलं नाही.

पल्लवीला मुलगी झाली. ऑपरेशन करून, पण दोघी सुखरूप. फोन आला तेव्हा वहिनी आमच्याकडंच होत्या. फोटो आले, मी ते पेनड्राइव्हवर घेतले. आता मला ते सहज यायला लागलं होतं. टीव्ही मी शालनच्या खोलीत, तिच्या पायांशी आणून ठेवला होता.

एवढीशी ती पोर, कपड्यात गुंडाळलेली, डोळे मिटलेले, आणि टीव्हीवर शालनपेक्षा मोठी दिसत होती. शालननं हात वर केला. तिला उठवून बसवायला सांगितलं. मी आणि वहिनींनी दोन्ही बाजूंनी धरून बसवली. ती पडद्याच्या कडेवर बोट ठेवून म्हणाली, "ह्या जिवणीकडं बघा. माझ्या आईची."

वहिनी खिमटीचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. मी शालनच्या कानाशी वाकलो.

"आता सांगतो पल्लवीला. आत्ता फोन लावतो."

"नको."

"पोर हातात आलं की सांगायचं, असं ठरलं होतं."

"अंगावर दूध यायचंय तिला अजून. असलं काही ऐकलं की दूध आटतं. बारसं होऊ दे. बारशानंतर सांगा. ती येईल मग पोरीला घेऊन."

"शालन, तोवर..."

"तोवर मी आहे," ती म्हणाली. "बारा दिवस म्हणजे काय?"

आमच्याकडच्या सगळ्या बायका तसंच म्हणतात, धक्क्यानं दूध आटतं. माझी आई म्हणायची, तिची आई म्हणायची. मी फोन खाली ठेवला. वहिनी पातेलं तसंच हातात घेऊन दारात उभ्या होत्या.

बारशाला चार दिवस राहिले असताना सकाळी मी पट्टी बदलायला गेलो, तर शालन गेलेली होती. झोपेतच.

पल्लवी नाशिकहून गाडी करून आली. टाके ओले, मांडीवर पोर. जावईबापू हाताला धरून वर घेऊन आले. आम्ही तिच्यासाठी थांबलो होतो. तिनं आईच्या डोक्यावरचा पदर सारखा करायला हात लावला आणि तिच्या हाताला केस लागले नाहीत. तिथंच तिला सगळं कळलं. ती माझ्याकडं बघत राहिली. रडली नाही.

ते दोन दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. बाळाला वहिनींनी सांभाळलं. तेल लावून, पायांवर घेऊन अंघोळ घातली, धुरी दिली. पल्लवीला वेळेवर खायला घातलं. दूध आटलं नव्हतं. उलट ते इतकं होतं की तिचं अंग दुखत होतं.

तिसऱ्या दिवशी सावडून आल्यावर पाहुणे पांगले. घरात आम्हीच राहिलो. मी, पल्लवी, जावईबापू, आणि बाळाला पायांवर घेऊन बसलेल्या वहिनी.

"किती दिवस माहीत होतं, अण्णा?" पल्लवीनं विचारलं.

"गेल्या वर्षीपासून."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तुझी तब्येत..."

"मी बाळंत होऊन आठ दिवस झाले होते. आठ दिवस. मी व्हिडिओवर तिला म्हणायचे, आई, दिवा लाव, तोंड दिसत नाही तुझं. ती म्हणायची, लाइट गेलीय. तुम्ही शेजारी असायचात ना तेव्हा?"

"होतो."

"मी सात-आठ तासांच्या अंतरावर होते. मी झोपून आले असते. पोर तिच्या मांडीवर ठेवली असती, एकदा." तिचा आवाज वर चढला नाही. तसाच सरळ राहिला, ते जास्त भयंकर होतं. "आई गेली. ठीक आहे. पण तुम्ही जिवंत असून हे केलंत. मी निघते आज. आणि अण्णा, मी आता ह्या घरात..."

"मी सांगितलं त्यांना," सिंधूवहिनी म्हणाल्या.

आम्ही सगळे वळून बघायला लागलो.

"तुझे अण्णा फोन लावत होते. बाळाचे फोटो आले त्याच दिवशी. मी हातातनं काढून घेतला फोन. दूध आटेल तिचं म्हटलं. तुझ्या आईलाही मीच गळ घातली, नको सांगू म्हणून. ती बिचारी सांगा सांगा म्हणत होती."

"काकू, तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्यापासनं."

"म्हणजे मला रोज फोनवर... पट्टा लावून बसलीय, आइस्क्रीम खाल्लं..."

"हो. मीच."

मी काही बोलणार तर वहिनींनी माझ्याकडं अशी नजर टाकली की शब्द आत राहिले. पल्लवी उठली. टाक्यांवर हात ठेवून, हळूहळू चालत त्यांच्यापाशी गेली आणि त्यांच्या पायांवरून बाळाला उचलून घेतलं.

"माझ्या पोरीला पुन्हा हात लावू नका," ती म्हणाली.

वहिनींनी पाय जवळ घेतले, लुगडं नीट केलं आणि उठून गेल्या.

पल्लवी त्या दिवशी गेली नाही. संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि पहिल्यांदा रडली. म्हणाली, "तुम्ही तरी का ऐकलंत त्यांचं, अण्णा?" मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दिवस होऊन गेल्यावर, ती नाशिकला परत गेल्यावर, मी निकमांच्या दारात गेलो. दार उघडंच होतं. आत टीव्ही लागलेला होता. चित्र स्वच्छ, बातम्या चाललेल्या, आणि आवाज बंद. निकमभाऊ समोर बसून नुसतेच बघत होते. मला बघून त्यांनी रिमोट शोधायला घेतला.

"राहू दे आता," वहिनी त्यांना म्हणाल्या. "वाढवला आवाज तरी चालेल."

त्या बाहेर जिन्यात आल्या. आम्ही पायरीवर बसलो.

"कधी कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

"तुम्ही डोहाळजेवणाचे फोटो लावत होता ना. ते आमच्या टीव्हीवर आले. वायफाय आमचं, तुमचा टीव्ही त्याला जोडलेलाच नव्हता. मालिका गेली आणि पल्लवी आली. मला वाटलं, आता ह्या कंपनीवाल्यांनी काय नवीन काढलं. हे बघत होते, मी बघत होते. गोड दिसत होती पोर. मग पुढचं आलं." त्या थांबल्या. "एवढं मोठं, भाऊजी. भिंतीएवढं. मी पदर लावला टीव्हीवर. मग तिच्या नावाचा कागद आला. हे म्हणाले, बंद कर, बंद कर. मला बंद करता येईना, बटणच सापडेना."

"आणि कुणाला बोलला नाहीत."

"मला लोक काय म्हणतात ते माहीत आहे मला."

"शालनला कळलं होतं का? तुम्हाला कळलंय ते?"

"कुणास ठाऊक. एकदा मालिका चालू असताना तिनं माझा हात धरला. शेवटपर्यंत सोडला नाही. जाहिराती लागल्या तरी नाही. मी म्हटलं, हात सोड, मला खाज सुटलीय. म्हणाली, सुटू दे. एवढंच."

"मी पल्लवीला खरं सांगतो, वहिनी. तुमच्यावर आळ कशाला?"

"नाही सांगायचं."

"का?"

"शेजारीण तुटली तर तिचं काय अडतं? बाप तुटला तर तिला माहेर कुठं राहतं? आणि आईवरचा राग धरून ती कुठं ठेवील? गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. माझ्याशी भांडू दे. मला सवय आहे."

त्या उठल्या, गुडघ्यावर हात दाबून. "आणि चपला दारासमोर काढू नका," म्हणाल्या. आत गेल्या.

पल्लवी दर मे महिन्यात येत राहिली. नातीला घेऊन, पंधरा-पंधरा दिवस राहायची. जिन्यात वहिनी दिसल्या की मान फिरवून वर यायची. वहिनी मग ती घरात नसताना मला गाठून विचारायच्या, बारीक झालीय का, खोकते का अजून, पोरगी कुणासारखी दिसते. मी सांगायचो.

अन्वी, माझी नात, पहिलीत जायच्या आधीच्या सुट्टीत निकमांचं बिऱ्हाड हललं. त्यांच्या मुलानं पुण्याला लिफ्टच्या इमारतीत घर घेतलं होतं. वहिनींचे गुडघे आता जिना चढू देत नव्हते. कपाट उतरवायला मी हात लावला. सामान भरून झाल्यावर वहिनी टेम्पोपाशी उभ्या होत्या.

"भाऊजी, पोरगीला गॅलरीत आणता का जरा? लांबनंच बघते."

"वर चला. मी सांगतो आता पल्लवीला. पुष्कळ वर्षं झाली."

"आणि मग? ती विचारील, तुम्ही एवढी वर्षं का गप्प बसलात. काय सांगणार? एक आवरायला जाऊन दुसरं सांडायचं. नको. तेवढं पोरगीला आणा."

मी वर आलो. पल्लवी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. खाली काय चाललंय ते तिला माहीत होतं. ती बाहेर आली नव्हती. मी अन्वीला हाताला धरून गॅलरीत नेलं आणि कठड्याशी उभी केली.

वहिनी वर बघत होत्या. उन्हामुळं त्यांनी डोळ्यांवर हात धरला होता.

"त्या आजी कोण?" अन्वीनं विचारलं.

"निकम आजी."

"त्या माझ्याकडं बघतायत?"

"हो."

"मग मी काय करू?"

"काही नको करू. नुसती उभी राहा."

ती उभी राहिली, दोन्ही हात कठड्यावर ठेवून, फोटो काढताना राहतात तशी. आतून पल्लवीचा आवाज आला.

"अण्णा, तिला आत घ्या. ऊन आहे."

"घेतो," मी म्हणालो, आणि अन्वीच्या खांद्यावर हात ठेवून तिथंच उभा राहिलो.